दगडाचं वय सांगणारे समुद्रातले बारीक जीव: बेळगावात राहून मायक्रोफॉसिल कसे शिकायचे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडची बीएस्सीची पोरं आणि दगडं गोळा करायचा नाद असलेले लोक हमखास एक प्रश्न विचारतात, की मायक्रोफॉसिल, म्हणजे दगडात उरलेले बारीक जीवांचे अवशेष, बघायचे तर आपल्याकडं कुठला दगड फोडायचा? खरं सांगायचं तर आपल्याकडचा कुठलाच नको. समुद्री मायक्रोफॉसिल आपल्या जिल्ह्यातल्या खडकात शोधत बसलात तर वर्ष जाईल आणि हाताला काय लागणार नाही. पण घाट उतरून खाली गेलं की मुठीभर वाळूत शिकायला पुरेल एवढा माल असतोय, आणि तो धुवायला, निवडायला जे सामान लागतंय ते जवळजवळ सगळं बेळगावातच मिळतंय. म्हणून आधी कुठं शोधायचं नाही ते सांगतो.

आपल्या दगडात का नाहीत

घराच्या पायाला, कुंपणाला जो काळा दगड वापरतो तो डेक्कन ट्रॅप, म्हणजे थंड झालेला लाव्हा. त्यात जीव राहणार कुठनं? दोन लाव्हांच्या मध्ये कधी कधी गाळाचा पातळ थर असतो, त्याला इंटरट्रॅपियन म्हणतात, त्यात गोगलगायी, ऑस्ट्राकोड (शिंपल्यासारखं कवच असलेले बारीक जीव) सापडू शकतात, पण आपल्या बाजूचे असले थर बहुतेक तळ्या-डबक्यातले, गोड्या पाण्यातले. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरनं साधारण ५२ मीटर खाली पडतो तो वाळूचा दगड कलादगी खोऱ्यातला, तो तर एवढा जुना की त्या वेळी कवच करणारे हे जीव जन्मालाच आले नव्हते. रॉबर्ट ब्रूस फूटनं १८७६ मध्ये दक्षिण मराठा मुलखाचा भूगर्भ अहवाल छापला त्यात ह्या कलादगी खडकांचं वर्णन आहे. बागलकोटकडं लोकापूरच्या बाजूला चुनखडीत स्ट्रोमॅटोलाइट दिसतात, म्हणजे सूक्ष्मजंतूंच्या थरांनी केलेले गोल गोल पट्टे. बघायला मस्त, पण ते आजच्या विषयातले नव्हेत.

शहाबादी फरशी चुनखडीचीच असते, म्हणून कुणीतरी घरातली फरशी घासून भिंगाखाली धरतंच. तीही भीमा खोऱ्यातली, फारच जुनी, त्यात फोरॅम (कवच करणारे एका पेशीचे जीव, पुढं सांगतो) नाहीत. जांभा तर सोडूनच द्या, त्यात कधी काळी चुन्याचं काही असलं तरी पावसानं विरघळवून नेलेलं असतंय. आणि शाळेतला खडू. पुस्तकात वाचतात की चॉक म्हणजे समुद्री जीवांचा दगड, आणि खडूची पूड मायक्रोस्कोपखाली ठेवतात. आपला खडू बहुतेक वेळा जिप्समचा म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसचा, त्यात काय दिसणार?

मग भारतात जुने समुद्री मायक्रोफॉसिल कुठं? कच्छमध्ये इओसीन काळातले न्युम्युलाइट, नाण्यासारखे गोल, नुसत्या डोळ्यांनी दिसतात. तमिळनाडूत अरियलूरच्या बाजूला क्रेटेशियसचे. केरळात कोल्लमजवळची मायोसीन चुनखडी. सौराष्ट्रात पोरबंदर स्टोन, ज्याला मिलिओलाइट म्हणतात कारण तो मिलिओलिड जातीच्या फोरॅमनी भरलेला असतो, मुंबईच्या कितीतरी जुन्या इमारतींना तो वापरलाय. (न्युम्युलाइटवरनं आठवलं, पिरॅमिडच्या दगडातले न्युम्युलाइट बघून तिथले लोक म्हणायचे की ही मजुरांच्या जेवणातली मसूर दगड झालीय, स्ट्रेबो ह्या ग्रीक लेखकानं हे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.)

कोण कोण असतात ह्यात

सुरुवातीला फोरॅमिनिफेरा, म्हणजे फोरॅम, हेच धरा. एका पेशीचा जीव, पण कप्प्याकप्प्यांचं कवच करतो, बहुतेक वेळा कॅल्साइटचं, म्हणजे चुन्याच्या खनिजाचं, साइझ साधारण ०.१ ते १ मिलिमीटर. काही तळाशी राहतात त्यांना बेंथिक म्हणायचं, काही पाण्यात तरंगतात ते प्लँक्टिक. कोकोलिथ (तरंगत्या शैवालाच्या चुन्याच्या चकत्या) वगैरे नॅनोफॉसिल हे काही मायक्रॉनचे, त्यांना १००० पट मोठं करणारा आणि पोलराइज्ड उजेडाचा मायक्रोस्कोप लागतो, घरच्या घरी जमायचं काम नव्हे. रेडिओलॅरिया हे एका पेशीचे जीव आणि डायटम हे बारीक शैवाल, दोघांचं कवच सिलिकाचं. कोनोडॉंट हे नामशेष झालेल्या ईलसारख्या प्राण्यांचे दातासारखे भाग, फॉस्फेटचे, ट्रायासिकच्या शेवटी संपले, पण त्याआधीच्या चुनखडीचं वय काढायला त्यांच्याइतकं कामाचं फार थोडं आहे. डायटम बघायची हौस असेल तर फिल्टरला किंवा कीड मारायला विकतात ती डायटोमेशियस अर्थची पावडर घ्या, पाण्यात चिमूटभर कालवून कॉलेजच्या साध्या मायक्रोस्कोपखाली ४०० पटीवर बघा, काम झालं. नाकात मात्र जाऊ देऊ नका.

वाळू कुठली आणि कशी आणायची

आंबोली उतरून वेंगुर्ला, नाहीतर चोर्ला उतरून गोवा, नाहीतर कारवार. पावसाळ्यात जाऊ नका, लाटा सगळं ढवळून टाकतात, नोव्हेंबर ते मे बरं. ओहोटी सुरू झाल्यावर पोचा आणि ओल्या वाळूवर ज्या बारीक लहरी उमटतात त्यांच्या खोलगट भागात बघा, तिथं फिकट पांढरट हलका माल गोळा झालेला असतो. फोरॅमचं कवच पोकळ, म्हणून हलकं, म्हणून पाणी त्याला नेऊन त्या खाचेत टाकतं. हीच सगळ्यात मोठी युक्ती आहे. काळी जड रेती जिथं पट्ट्यानं साचलीय तिथनं घेऊ नका, तिथं जड खनिजं असतात आणि कवचं नावाला. वरचा फक्त एक सेंटिमीटर चमच्यानं खरवडायचा, चार-पाच चमचे खूप झाले, पिशव्या भरून आणायची गरज नाही. खाडीच्या तोंडाजवळचा चिखलही थोडा घ्या, वेगळ्या डबीत, पुढं त्याचाच जास्त उपयोग आहे.

डबीवर तिथल्या तिथं लिहायचं: गाव, तारीख, भरती-ओहोटी, लहरीची खाच की चिखल की भरतीची रेघ, आणि मोबाइलवरचं लोकेशन. घरी जाऊन लिहू म्हणाल तर दोन डब्या सारख्याच दिसतात. पेन पुसतं, म्हणून पेन्सिलनं लिहिलेला कागदाचा तुकडा डबीच्या आतही टाका.

धुणं

ह्यात घाई केली तर पुढचं सगळं वाया. चाळणी पाहिजे ६३ मायक्रॉनची, एएसटीएम नंबरात ती २३० मेश. नवी टेस्ट सीव्ह महाग असते, पण बेळगावात फाउंड्र्या आहेत हे विसरू नका. मोल्डिंगच्या वाळूचा दाणा मोजायला फाउंड्रीच्या लॅबमध्ये पितळी चाळण्यांचा अख्खा सेट असतोय, उद्यमबागेत कुणी ओळखीचं असलं तर एका दुपारपुरत्या दोन चाळण्या मिळून जातात. ६३ ची एक आणि १२५ नाहीतर १५० ची एक. परत देताना स्वच्छ करून द्या एवढंच, आणि जाळीवर बोटानं घासू नका, ती फाटते.

वाळू असेल तर साध्या नळाच्या बारीक धारेखाली धुतलं की झालं, मीठ गेलं पाहिजे. चिखल असेल तर आधी वाळवा, मग पाण्यात धुण्याचा सोडा घालून रात्रभर भिजत ठेवा, पूर्ण वाळलेला चिखल पाण्यात टाकला की ओल्यापेक्षा चांगला सुटतो. तरीही गोळे राहिले तर मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड पातळ करून थोडा वेळ, हातमोजे घालून, आणि फेस थांबला की लगेच धुवायचं, रात्रभर नाही. व्हिनेगर, लिंबू, बाथरूमचं ॲसिड ह्यातलं काहीही जवळ आणू नका. कवच कॅल्साइटचं आहे, ॲसिडमध्ये बुडबुडे येऊन संपून जातं. (खात्री करायची असेल तर एक फालतू तुटका नमुना घेऊन व्हिनेगरचा थेंब टाकून बघा, भिंगाखाली तो गायब होताना दिसतो.) कच्छच्या चुनखडीसारखा कडक दगड असा सुटत नाही, त्याची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती करावी लागते म्हणजे थिन सेक्शन, ते काम जिऑलॉजी डिपार्टमेंटचं.

एक गोष्ट लॅबवाले करतात आणि नवखे करत नाहीत. एका सॅम्पलचे चार-दोन दाणे जाळीत अडकून दुसऱ्या सॅम्पलमध्ये जातात आणि वेंगुर्ल्याचा फोरॅम कारवारच्या यादीत येऊन बसतो. म्हणून दोन सॅम्पलच्या मध्ये चाळणी मेथिलीन ब्लूच्या पाण्यात बुडवायची. जाळीत राहिलेली कवचं निळी होतात, पुढच्या सॅम्पलमध्ये निळं दिसलं की ते मागचं, बाजूला काढा. मेथिलीन ब्लू माशांच्या टाकीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. बेसिनला डाग पडतो, घरच्यांची बोलणी खायची तयारी ठेवा.

धुतलेला माल फिल्टर पेपरवर नाहीतर ताटलीत सावलीत वाळवा. ओव्हन असेल तर ५०-६० डिग्रीच्या वर नको.

निवडणं

वाळलेला माल जास्त असला तर बटर पेपरवर ढीग करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन काढा, परत मिसळा, परत चार भाग, असं करत हजारभर दाणे उरेपर्यंत. वरचे वरचे मोठे दाणे उचलले तर मोजणी खोटी येते, कारण मोठी कवचं आधी डोळ्यात भरतात.

काळ्या कागदावर पांढऱ्या पेन्सिलनं चौकोन आखा, त्यावर माल पातळ पसरा आणि एकेका चौकोनातनं ओळीनं पुढं जा. स्टिरिओ मायक्रोस्कोप असला तर उत्तम, नसला तर कॉलेजचा साधा मायक्रोस्कोप सगळ्यात कमी पॉवरवर ठेवून बाजूनं टॉर्च मारा, खालचा उजेड बंद. ब्रश तीन शून्य नंबरचा, स्टेशनरीत मिळतो, टोक जरा ओलं करायचं आणि दाण्याला नुसतं टेकवायचं, तो आपणच चिकटतो. दाबला की फुटला. अमोनिया (वायू नव्हे, ह्या नावाची फोरॅमची जात) असेल तर चपटी गोगलगायीसारखी गुंडाळी दिसते, कप्प्यांच्या मधल्या रेघा खोल, आणि उलटी केली की मधोमध एक गोळी बसवल्यासारखी. एल्फिडियमला कप्प्यांच्या रेघांवर छोटे छोटे पूल असतात, शिवण घातल्यासारखे. क्विंकेलोक्युलिना दुधी चिनी मातीसारखी गुळगुळीत, लांबट, आणि तिचे कप्पे एकमेकांना मिठी मारून बसलेले. पहिल्या दिवशी ह्या तीन ओळखू आल्या तरी खूप, प्रजातीच्या नावाच्या मागं लागू नका.

उचललेले नमुने चिकटवायला किराणा दुकानातला कतीरा डिंक पातळ करून वापरतात, तो परत ओला केला की नमुना सुटतो म्हणून. फेविकॉल नको. डिंकात लवंगेच्या तेलाचा एक थेंब टाका, नाहीतर आपल्या पावसाळ्यात स्लाइडवर बुरशी येते आणि मग फोरॅम कुठला आणि बुरशी कुठली कळत नाही.

मोजायचं किती? रिवाज आहे ३०० नमुन्यांचा. कारण हिशोबाचं आहे, एखादी जात खरी १० टक्के असेल तर ३०० मोजल्यावर उत्तर साधारण ६.५ ते १३.५ च्या मध्ये येतं, १०० च मोजले तर ४ ते १६ पर्यंत पसरतं. ३०० च्या पुढं कष्ट वाढतात त्या मानानं फायदा कमी.

जुनं वातावरण कसं वाचायचं

मोजणी हातात आली की खरी मजा. अमोनिया ढिगानं आणि बाकी जाती थोड्या, म्हणजे उथळ आणि गोडं पाणी मिसळणारी जागा, खाडीसारखी. मिलिओलिड जास्त म्हणजे उबदार, उथळ, खारटपणा नेहमीचा किंवा जास्त. वाळूचे कण चिकटवून कवच करणाऱ्या ट्रोकॅमिनासारख्या जाती खारफुटीच्या चिखलात. बोलिव्हिना, बुलिमिना, युव्हिजेरिना वाढल्या म्हणजे तळाशी ऑक्सिजन कमी आणि सडका माल जास्त. आणि प्लँक्टिकचं प्रमाण किनाऱ्यावर अगदी कमी असतं, खोल समुद्राकडं जाईल तसं वाढत जातं, म्हणून जुन्या खडकात ते प्रमाण बघून पाणी किती खोल होतं ह्याचा अंदाज येतो.

म्हणूनच खाडीच्या चिखलाची डबी आणायला सांगितली. वाळू आणि चिखल शेजारी शेजारी मोजलात तर हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो, आणि तो एकदा दिसला की जुन्या खडकावरचे रिपोर्ट वाचताना डोकं चालायला लागतं. फक्त एक लक्षात ठेवा, मेलेली कवचं वाहून येतात. जिवंत कोण होतं हे बघायचं असेल तर चिखल ताजा असताना अल्कोहोलमध्ये रोझ बेंगॉल नावाचा रंग घालून ठेवतात, पेशी गुलाबी होते, रिकामं कवच पांढरं राहतं.

ह्याच्या पुढचं काम मशिनवर. कवचातल्या जड ऑक्सिजनचं प्रमाण पाणी थंड झालं की वाढतं आणि जगात बर्फ जास्त साठला तरी वाढतं, पाणी एक डिग्री थंड झालं तर साधारण ०.२ ते ०.२५ प्रति हजारानं. दोन कारणं एकाच आकड्यात मिसळलेली, म्हणून मॅग्नेशियम-कॅल्शियमचं गुणोत्तर वेगळं काढून तापमान सोडवतात, उरलेलं बर्फाचं आणि खारटपणाचं. एमिलियानी ह्या शास्त्रज्ञानं १९५५ मध्ये समुद्रतळाच्या गाभ्यातल्या (कोर, म्हणजे नळीनं थर न मोडता काढलेला गाळ) फोरॅमवर ऑक्सिजनचे आकडे काढून हिमयुगांच्या चढउतारांचा आलेख मांडला, तेव्हापासून ही रीत बसली. साधारण २० हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता, म्हणजे वेंगुर्ल्याचा किनारा तेव्हा कितीतरी किलोमीटर पश्चिमेला.

आणि आपला पाऊस. पावसाळ्यात वारा जोरात वाहिला की ओमानच्या किनाऱ्याजवळ खालचं थंड, खताळ पाणी वर येतं आणि त्यात ग्लोबिजेरिना बुलॉइडिस ही एरवी थंड पाण्यात असणारी जात माजते. गाभ्याच्या ज्या थरात ती जास्त, त्या काळात मान्सूनचा वारा जोरात, असा अंदाज बांधतात. वाऱ्याचा, पावसाचा नव्हे, हे दोन्ही एक समजून बातम्या लिहिल्या जातात. खानापुरात किती पडला ते ओमानच्या चिखलावरनं सांगता येत नाही.

वय काढायचं

तत्त्व सोपं आहे. जात उगवते, पसरते, संपते, परत येत नाही. प्लँक्टिक जाती लवकर बदलतात आणि प्रवाहाबरोबर दूरवर पसरतात, म्हणून तारखेला त्या चांगल्या. बेंथिक वातावरणाला चांगल्या.

कागदावर करून बघा. सॅम्पलमध्ये ऑर्ब्युलिना आहे, नुसता एक गोल गोळा. ती आली साधारण १ कोटी ५१ लाख वर्षांपूर्वी आणि आजही आहे, म्हणजे सॅम्पल त्यापेक्षा जुनं नाही एवढंच कळलं. सोबत ग्लोबोरोटालिया फोहसी मिळाली, ती साधारण १ कोटी ३४ लाख ते १ कोटी १८ लाख वर्षांपूर्वीपर्यंतच. दोघींची आडवी रेघ काढा, जिथं एकमेकांवर येतात तेवढा काळ तुमचा, म्हणजे मध्य मायोसीन. जितक्या जाती जास्त तितकी ती खिडकी अरुंद होत जाते.

आता त्याच सॅम्पलमध्ये ट्रंकाट्युलिनॉइडिस निघाली, जी २० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास आली. कुणीतरी खोटं बोलतंय. सॅम्पल तेलविहिरीच्या चुऱ्यातनं आलं असेल तर वरच्या थरातला दाणा भोकातनं खाली पडलाय, ह्याला केव्हिंग म्हणतात, म्हणून विहिरीत जात वरून खाली येताना पहिल्यांदा कुठं दिसली, म्हणजे संपली कधी, त्यावर जास्त भरवसा ठेवतात. उघड्या खडकात उलटं होतं, जुना खडक झिजून त्यातले फोरॅम नव्या गाळात येऊन बसतात. असले परके दाणे रंगानं वेगळे, घासलेले, फुटके असतात, पण नेहमी नाही. म्हणून एका दाण्यावरनं वय सांगणाऱ्याचं ऐकू नका.

जागाही बघायची. ग्लोबिजेरिनॉइडिस रुबरचा गुलाबी प्रकार हिंदी आणि पॅसिफिक महासागरातनं साधारण १ लाख २० हजार वर्षांपूर्वी गेला, अटलांटिकमध्ये अजून जिवंत आहे. अरबी समुद्राच्या गाभ्यात तो दिसला तर तारीख मिळते, अटलांटिकमध्ये तोच काही सांगत नाही.

आता देसूरचं घ्या, खानापूरच्या रेल्वेलाइनवरचं आपलं देसूर. डेक्कन ट्रॅपच्या थरांच्या यादीत अगदी वरच्या थराला देसूर हेच नाव आहे, त्याच्या खाली पन्हाळा, त्याच्या खाली महाबळेश्वर, मग आंबेनळी. लाव्हात फोरॅम नाहीत हे वर सांगितलंच. पण तिकडं आंध्रात राजमुंद्रीला लाव्हाचे प्रवाह समुद्रापर्यंत गेले आणि दोन लाव्हांच्या मध्ये समुद्री गाळ अडकला. गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये त्या गाळात डेनियन काळाच्या सुरुवातीचे बारीक प्लँक्टिक फोरॅम दाखवले, म्हणजे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर आणि ग्लोबोट्रंकानासारखे मोठे नक्षीदार फोरॅम संपल्यानंतर लगेचचे. राजमुंद्रीचा वरचा लाव्हा रसायनानं आणि चुंबकत्वानं महाबळेश्वरच्या थराशी जुळतो. मग बघा, गाळ डायनोसॉर संपल्यानंतरचा, त्यावरचा लाव्हा त्याहून नवा, तो महाबळेश्वरशी जुळतो, आणि देसूर महाबळेश्वरच्याही वर. म्हणजे देसूरच्या खाणीतला काळा दगड ओतला गेला तेव्हा डायनोसॉर गेलेले होते. हे सगळं त्या जुळणीवर टेकलंय, पण झिरकॉन ह्या खनिजावरनं आणि आर्गॉन वायूवरनं काढलेली वयंही विरोधात जात नाहीत.

पुढं जायचं असेल तर

धारवाडला कर्नाटक विद्यापीठात जिऑलॉजीचं डिपार्टमेंट आहे, गोवा युनिव्हर्सिटीत आहे, आणि गोव्यातच दोना पावलाला एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, जिथं किनाऱ्यावरच्या फोरॅमवर बरीच वर्षं काम चाललंय. नुसतं भेटायला येऊ का असं विचारू नका. ३०० ची मोजणी झालेली एक स्लाइड, लेबलसकट, धुतलेल्या मालाचा उरलेला भाग वेगळ्या डबीत, आणि मोबाइलनं काढलेले फोटो ज्यात बाजूला मापाची पट्टी दिसते, एवढं घेऊन लिहिलंत तर उत्तर यायचा चान्स जास्त. न ओळखलेले नमुने फेकू नका, स्लाइडवर शेवटच्या ओळीत प्रश्नचिन्ह घालून चिकटवा. समोरचा माणूस बहुतेक वेळा तीच ओळ आधी बघतो.